धबधब्यावरून दोराने उतरणे: हा खेळ नेमका कोणाच्या घराण्यातला?

प्रश्न तीन आहेत. धबधब्यावरचे रॅपेलिंग हा खरोखरचा साहसी खेळ आहे की सुटीच्या दिवसाची गंमत? गिर्यारोहण, गुहाशोधन, कॅन्यनिंग (ओढ्याबरोबर घळीतून उतरत जाणे) यांच्यामध्ये त्याची जागा कुठे? आणि कोरड्या कड्यावर दहा-बारा वेळा रॅपल केलेल्या माणसाने धबधबा म्हणजे ‘तेच, फक्त ओले’ असे समजावे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे त्यातूनच निघतात. तसे मुळीच समजू नये. साहित्य बव्हंशी तेच असते, हातापायांच्या हालचालीही बऱ्याच अंशी त्याच असतात. तरीही कोरड्या कड्यावर जीव वाचवणाऱ्या दोन पक्क्या सवयी धबधब्यात जिवावर उठू शकतात. ही गोष्ट मला स्वतःला समजायला काही वर्षे लागली, आणि ती समजली तीही पुस्तकातून नव्हे.

कोरड्या कड्यावर आमची सारी तजवीज एकाच भीतीभोवती रचलेली असते: माणूस पडेल. ब्रेकचा, म्हणजे दोर धरून वेग आवरणारा हात सुटला, दगड लागून भोवळ आली, दोराचे टोक संपल्याचे लक्षात आले नाही, तर काय होईल, हा विचार करून प्रत्येक गाठ मारली जाते. मध्येच थांबलेला माणूस तिथे सुरक्षित मानला जातो. तो हार्नेसमध्ये, म्हणजे कमर-मांड्यांच्या पट्ट्यांत, बसून पाणी पिऊ शकतो, खालच्याशी बोलू शकतो, दहा मिनिटे विचार करू शकतो. धबधब्यात मात्र थांबणे हाच मुख्य धोका असतो. झोताखाली अडकलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही, ऐकू येत नाही, दिसत नाही आणि त्याची बोटे मिनिटागणिक बधिर होत जातात. त्यामुळे धबधब्यावर दोर लावणाऱ्या माणसाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न ‘हा पडला तर?’ हा नसून ‘हा अडकला तर मी त्याला किती सेकंदांत खाली सोडू शकतो?’ हा असतो. पडण्याचा प्रश्न अर्थातच संपत नाही; पण त्याचा क्रमांक दुसरा लागतो.

आता त्या दोन सवयींकडे येतो. पहिली सवय स्वयंबंधनाच्या गाठीची. रॅपल करताना डिसेंडरच्या (घर्षणाने वेग आवरणाऱ्या साधनाच्या) खाली दोरावर बारीक दोरीची प्रुसिक किंवा ऑटोब्लॉक गाठ मारून ती हार्नेसला जोडण्याची पद्धत सर्वत्र शिकवली जाते. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेली ही गाठ हाताने सरकवली तर सरकते आणि भार आला की दोराला घट्ट आवळते. हात सुटला तरी माणूस जागच्या जागी थांबतो. कोरड्या खडकावर याहून चांगला सोबती नाही. पण जोरदार पाण्यात तीच गाठ तुम्हाला नेमकी झोताच्या मध्यावर थांबवते, भिजलेल्या दोरावर इतकी आवळली जाते की गारठलेल्या बोटांनी सैल होत नाही, आणि तिच्यावरचा भार उतरवण्यासाठी शरीर वर उचलायचे म्हटले तर डोक्यावरचे पाणी ते उचलू देत नाही. म्हणूनच वाहत्या पाण्यातल्या रॅपलवर अनुभवी कॅन्यनिंग करणारे ही गाठ सहसा टाळतात आणि तिचे काम दुसऱ्या माणसाकडे सोपवतात. हा दुसरा माणूस खाली उभा राहून दोर ताणून वेग आवरतो, किंवा वरून वेगळ्या दोराने बिले देतो, म्हणजे उतरणाऱ्याला धरून ठेवतो. पाणी अगदी बारीक, पायाला गुदगुल्या करणारे असेल तर गोष्ट निराळी. तिथे गाठ लावली म्हणून मी कोणाला नावे ठेवणार नाही.

दुसरी सवय दोराच्या टोकाला गाठ मारण्याची. अमेरिकी गिर्यारोहक ब्रॅड गोब्राइट २७ नोव्हेंबर २०१९ रोजी मेक्सिकोतील एल पोत्रेरो चिको येथे मृत्युमुखी पडले. ते आणि त्यांचे साथीदार एकाच दोराच्या दोन बाजूंनी एकाच वेळी उतरत होते, दोराची टोके समान नव्हती आणि टोकाला गाठ नव्हती. दोराविना मुक्तारोहण करणाऱ्यांत ज्याचे नाव आदराने घेतले जाई, अशा माणसाचा तो अंत होता. कोरड्या कड्यावर टोकाला गाठ मारा, असे आम्ही नवख्यांच्या कानीकपाळी ओरडतो ते यामुळेच. पण धबधब्याच्या पायथ्याशी खोल डोह असेल तर तीच गाठ उतरणाऱ्याला पाण्याच्या माऱ्याखाली बांधून ठेवते. पाय टेकत नाहीत, डोक्यावर पाणी आपटते आहे, आणि डिसेंडरमधून दोर निघून जाण्याऐवजी गाठ येऊन अडकते. अशा ठिकाणी दोराचे टोक पाण्याच्या पातळीला जेमतेम स्पर्श करील इतकीच लांबी सोडायची आणि टोक मोकळे ठेवायचे. मग माणूस शेवटच्या हातभर अंतरात दोरातून अलगद सुटून पोहत बाजूला होतो. जादा दोर डोहात पडू द्यायचा नाही, हेही त्यातच आले. भोवऱ्यात फिरणारा दोर पायांभोवती कसा गुंडाळला जातो, हे एकदा अनुभवले की ते पुन्हा सांगावे लागत नाही. दोराची लांबी नेमकी किती सोडायची हे वरून दिसत नसते, म्हणून पहिल्यांदा उतरणारा माणूस सर्वांत अनुभवी असावा लागतो आणि तो खालून शिटीने वरच्याला लांबी ठरवून देतो. पायथ्याशी डोह नसून कोरडी, सपाट जागा असेल तर मात्र टोकाची गाठ पुन्हा तिच्या जागी आलीच पाहिजे. नियम पाठ करून भागत नाही असे म्हणतो ते या अर्थाने.

या दोन सवयी सोडायच्या तर त्यांच्या जागी काय आणायचे? उत्तर आहे ‘सोडता येणारा अँकर’; अँकर म्हणजे माथ्यावर दोर बांधण्याचा आधार. कोरड्या कड्यावर दोर बोल्टला किंवा झाडाला पक्का बांधून टाकतात. धबधब्यावर तो अँकरवरील कॅराबिनरमधून (उघडझाप होणाऱ्या कडीतून) मुंटर हिच या सरकत्या गाठीने घेऊन म्यूल या सोडता येणाऱ्या गाठीने कुलूपबंद करतात, किंवा त्याच तत्त्वावर फिगर ऑफ एटवर (इंग्रजी आठच्या आकाराच्या धातूच्या डिसेंडरवर) गुंडाळून बांधतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा बंद अँकरच वाटतो. पण वर उभा असलेला माणूस पूर्ण भाराखालीही गाठ उलगडून, दोर हळूहळू सोडत, खालच्याला डोहापर्यंत नेऊ शकतो. यासाठी अट एकच, आणि ती विसरली जाते: वर तेवढा दोर शिल्लक पाहिजे. माणूस अगदी काठाशीच अडकला तर त्याला जवळजवळ पूर्ण उंची खाली सोडावे लागेल, म्हणजे हाताशी असलेला दोर धबधब्याच्या उंचीच्या दुप्पट हवा. तीस मीटरच्या धबधब्यावर चाळीस मीटरचा दोर घेऊन कोणी अँकर ‘सोडता येणारा’ आहे असे सांगत असेल, तर तो शेवटच्या दहा मीटरपुरताच आहे.

मला हे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी मी एका सुमारे पंचवीस मीटर उंचीच्या धबधब्याच्या माथ्यावर अँकरपाशी होतो. उतरणारा मुलगा चांगला प्रस्तरारोहक होता, हातांत ताकद होती, कोरड्या रॅपलमध्ये तरबेज होता. काठावरून खाली जाताना त्याने नवख्यासारखे गुडघे टेकले आणि सात-आठ मीटर खाली, नेमक्या मुख्य धारेत, तो थांबला. दोरावरचा ताण तसाच होता, हलत मात्र नव्हता. मी हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात त्या मलाच ऐकू आल्या नाहीत. खालून शिटी वाजली. मी कुलूपगाठ सोडली आणि त्याला खाली सोडायला सुरुवात केली. सगळे मिळून मिनिटभरही लागले नसेल. खाली गेल्यावर पाहिले तर त्याच्या फिगर ऑफ एटमध्ये दोर फासासारखा अडकला होता. या आकड्याच्या मानेमागून जाणारा दोराचा वेढा काठाच्या दगडाला घासून वर सरकतो आणि मोठ्या कडीवर चढून बसतो. मग शरीराचा भार जितका जास्त, तितका फास घट्ट. भार उतरवल्याशिवाय तो सुटत नाही, आणि धारेखाली लटकणाऱ्याला भार उतरवता येत नाही. मुलाने नंतर सांगितले की आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेच त्याला कळत नव्हते. आणि फास सोडवण्याच्या खटपटीत त्याने दोन्ही हात, म्हणजे ब्रेकचा हातसुद्धा, आकड्यावर नेले होते. तो दिवस निभावला याचे कारण माझी हुशारी नव्हे. त्या दिवशी अँकर सोडता येण्याजोगा बांधला होता, तो बरोबरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या हट्टामुळे. मला तो हट्ट सकाळी जरा जाचकच वाटला होता. तेव्हापासून मी धबधब्यावर साधा फिगर ऑफ एट देत नाही. कान असलेला आकडा, किंवा कॅन्यनिंगसाठीच बनवलेला, दोर वर चढू न देणारा डिसेंडर देतो. हँडल दाबून दोर सोडणारी आणि हात सोडला की आपोआप थांबणारी साधने कोरड्या कामासाठी उत्तम असली तरी इथे त्यांच्याबाबत मला तीच शंका वाटते जी प्रुसिकबाबत वाटते.

पाणी नेमके किती जोर लावते याची कल्पना बहुतेकांना नसते, कारण लांबून धबधबा मऊ दिसतो. थोडे गणित करून पाहू. दहा मीटर उंचीवरून मुक्तपणे पडणारी वस्तू पायथ्याशी ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने पोहोचते, वीस मीटरवरून सुमारे ७० किलोमीटर वेगाने. एखाद्या धारेतून सेकंदाला ५० लिटर पाणी येत असेल आणि ते दहा मीटर खाली सारेच्या सारे तुमच्या हेल्मेटवर आणि खांद्यांवर अडले, तर तो जोर सुमारे ७० किलो वजनाइतका भरतो. म्हणजे खांद्यावर एक प्रौढ माणूस उभा आहे. प्रत्यक्षात पाणी खडकावर आपटत, फुटत, पसरत येते, त्यामुळे आकडा कमी होतो. पण प्रवाह दुप्पट झाला की जोरही दुप्पट होतो, हे मात्र टळत नाही. हंगामाच्या सुरुवातीला दहा वर्षांच्या मुलाला जिथून हसत उतरवले, तोच धबधबा आठवड्याभराने तगड्या माणसाला भिंतीवरून उचलून बाजूला फेकतो. म्हणून ‘या धबधब्यावर रॅपेलिंग सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला अर्थ नाही. आज सकाळी, या पातळीला, ते सुरक्षित आहे का, एवढेच विचारता येते.

पायथ्याच्या डोहातला पांढरा फेस आणखी फसवा. त्यात हवा मिसळलेली असल्याने ते पाणी हलके असते आणि माणसाला तितकेसे तरंगवत नाही; लाइफ जॅकेट घातलेला माणूसही त्यात अपेक्षेपेक्षा खोल बुडतो. शिवाय पडणारे पाणी तळाला जाऊन पुन्हा धारेकडे वळत असेल, तर डोह माणसाला बाहेर टाकण्याऐवजी आत ओढतो. खाली पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे धारेपासून बाजूला होणे. कॅमेऱ्याकडे पाहून हात उंचावणे नंतर.

दोराबद्दलही थोडे सांगायला हवे. गाभा आणि त्यावर विणलेले आवरण अशी रचना असलेला आधुनिक दोर १९५३ साली बाजारात आला, आणि आज रॅपेलिंगसाठी त्यातला कमी ताणला जाणारा प्रकार वापरतात. युरोपीय मानक ईएन १८९१ नुसार त्याच्या ‘अ’ वर्गातल्या दोराची किमान ताकद २२ किलोन्यूटन (सुमारे २,२०० किलोचा भार) असावी लागते, आणि भार ५० किलोवरून १५० किलोपर्यंत नेला असता तो ५ टक्क्यांहून जास्त लांबता कामा नये. या दुसऱ्या अटीचे महत्त्व काठावर दिसते. लवचिक, म्हणजे आरोहणाचा डायनॅमिक दोर वापरला तर उतरणारा माणूस रबरासारखा वर-खाली होतो आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी दोर काठाच्या दगडावर करवतीसारखा घासला जातो. नायलॉन पाणी शोषतो, भिजल्यावर जड होतो आणि त्याची ताकद काही प्रमाणात घटते. दोर तुटण्याइतकी ती घट नसते, पण वाळूचे कण पाण्याबरोबर आवरणात शिरतात आणि आतून झीज करतात. एकाच दिवशी तीस-चाळीस लोक एकाच दोरावरून उतरणार असतील तर जाणता माणूस दर दोन-तीन लोकांमागे अँकरवरून वीतभर दोर पुढे सोडतो, जेणेकरून काठावर दर वेळी दोराचा नवा भाग यावा. सोडता येणाऱ्या अँकरचा हा आणखी एक फायदा. दिवस संपल्यावर दोर बोटांतून हळूहळू ओढत नेला की मऊ पडलेली जागा हाताला लागते. डोळ्यांना ती बरेचदा दिसत नाही.

थंडी हा विषय उष्ण प्रदेशात गांभीर्याने घेतला जात नाही. त्याच तापमानाच्या हवेच्या तुलनेत पाणी शरीरातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने काढून घेते. उतरताना माणूस हालचाल करत असतो, त्यामुळे त्याला जाणवत नाही. खरे हाल होतात ते माथ्यावर ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्याचे. तास-दीड तास असा उभा राहिलेला माणूस काठावर येतो तेव्हा त्याच्या बोटांना कॅराबिनरचे कुलूप फिरवता येत नाही आणि सूचना ऐकून तो नुसतीच मान डोलावतो. गार पाण्याच्या प्रदेशात पाच मिलिमीटरचा निओप्रीनचा पोशाख ही चैन नसून गरज असते. सुती कपडे मात्र कुठेच नकोत.

शरीराची ठेवण कोरड्या रॅपलसारखीच: पाय खांद्यांहून किंचित जास्त रुंद, तळवे पूर्ण टेकलेले, गुडघे जरासे सैल, कमरेत बसल्यासारखे मागे रेलणे. फरक असा की शेवाळलेल्या खडकावर उड्या मारत उतरण्याची हौस करायची नाही. उडीने अँकरला झटका बसतोच, शिवाय परत टेकताना पाय निसटला तर गुडघा किंवा चेहरा खडकावर जातो. पाय निसटलाच तर खांदा भिंतीकडे वळवायचा आणि ब्रेकचा हात कमरेखाली तसाच धरून ठेवायचा. धारेत शिरावे लागले तर हनुवटी छातीला लावायची. हेल्मेटच्या पुढच्या कडेवरून पाणी ओघळते आणि तोंडासमोर ओंजळभर हवा उरते. त्या ओंजळीत शांतपणे श्वास घेता येतो, हे एकदा स्वतः अनुभवलेला माणूस पुढे घाबरत नाही. नवखा नेमके उलटे करतो, वर पाहतो. आणि वेग एकसारखा ठेवायचा. पोटावर पाण्याचा धपका बसला की हात आपोआप आवळले जातात, माणूस थांबतो, आणि थांबला की तिथलेच पाणी अंगावर घेत राहतो. चांगला मार्गदर्शक दोर असा लावतो की वाट मुख्य धारेच्या बाजूने जाईल आणि पाण्यात शिरणे ही उतरणाऱ्याची निवड राहील.

संवाद शिट्यांनी होतो. एक शिटी म्हणजे थांब, एवढे बहुतेक ठिकाणी चालते. पुढच्या शिट्यांचे अर्थ गटागटाने बदलतात, त्यामुळे ते त्याच दिवशी, त्याच जागी, सर्वांसमोर ठरवावे लागतात.

आता इतिहासाकडे आणि घराण्याच्या प्रश्नाकडे वळतो. ‘रॅपल’ हा शब्द मूळ फ्रेंच, अर्थ परत बोलावणे. उतरून झाल्यावर दुहेरी दोराचे एक टोक ओढून तो परत घ्यायचा, यावरून तो पडला. या तंत्राचे श्रेय आल्प्समधल्या शामोनीचे वाटाडे जाँ शार्ले यांना दिले जाते. १८७६ साली पेति द्रु या शिखरावर एकट्याने केलेल्या प्रयत्नात त्यांनी ते योजले आणि १८७९ मध्ये त्या शिखरावर पहिली यशस्वी चढाई केली. म्हणजे रॅपल जन्माला आला तो माघार घेण्याचे साधन म्हणून. गिर्यारोहकाच्या लेखी तो आजही तसाच आहे, एक नाइलाजाचे काम. स्कॉटलंडचे नामांकित गिर्यारोहक टॉम पेटी १९७० मध्ये समुद्रातल्या एका सुळक्यावरून रॅपल करतानाच गेले. आरोहणात दोर फक्त पडल्यावर भार घेतो. रॅपलमध्ये पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत सारा देह दोर, अँकर आणि डिसेंडर यांच्या साखळीवर लोंबकळत असतो आणि त्या साखळीतली चूक पदरात घ्यायला खाली दुसरे काही नसते. मुरलेले गिर्यारोहक रॅपलला मनापासून नावे ठेवतात ते यामुळे.

माघारीच्या या साधनाला प्रवासाचे साधन केले ते गुहांत आणि घळींत उतरणाऱ्यांनी. फ्रान्सचे एदुआर आल्फ्रेद मार्तेल यांनी १८८८ साली ब्रामाबिओची भूमिगत नदी पार केली आणि १९०५ साली व्हेरदोंच्या घळईतून वाट काढली. पाणी जिथून जाते तिथून माणसाने जायचे, ही कल्पना त्यांच्या परंपरेतली. तिचेच पुढचे रूप म्हणजे युरोपात कॅन्यनिंग, अमेरिकेत कॅन्यनियरिंग आणि दक्षिण आफ्रिकेत क्लूफिंग म्हणतात तो खेळ: ओढ्याच्या वरच्या अंगाने शिरायचे, वाटेतले धबधबे दोराने उतरायचे, डोह पोहायचे, दोर ओढून घ्यायचा आणि पुढे निघायचे. पहिला दोर ओढून घेतला की मागे फिरण्याचा मार्ग संपतो. याच क्षणाला मी खेळाची सुरुवात मानतो. तिथून पुढे निर्णय तुमचे असतात.

करमणुकीचे वॉटरफॉल रॅपेलिंग या घराण्याच्या उंबरठ्यावर उभे आहे. दोर दुसऱ्याने लावलेला, अँकर दुसऱ्याने तपासलेला, पाण्याचा अंदाज दुसऱ्याने घेतलेला. सहभागी माणसाने आणायचे ते धैर्य आणि ऐकण्याची तयारी. त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. काठावर मागे रेलून तोल दोरावर सोडण्याचा तो क्षण खरा असतो आणि तो अनेकांना पुढे गिर्यारोहणाकडे किंवा कॅन्यनिंगकडे घेऊन जातो. पण त्याचे जवळचे नाते गिर्यारोहणापेक्षा वाटाड्यासोबत केलेल्या राफ्टिंगशी आहे: रोमांच तुमचा, जोखमीचा हिशेब दुसऱ्याचा. म्हणून ‘मी पाच धबधबे रॅपल केले’ हे वाक्य अनुभव सांगते, कौशल्य सांगत नाही. पाचही वेळा अँकर कसा बांधला होता हे काढून दाखवता येत असेल, तर गोष्ट वेगळी.

जोखमीचा हिशेब दुसऱ्याकडे सोपवणे किती महागात पडू शकते, याचे उदाहरण या क्षेत्रातला प्रत्येक जण जाणतो. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटबाख घळीत कॅन्यनिंग करणारा मोठा गट असताना वरच्या पाणलोटात वादळी पाऊस झाला आणि आलेल्या लोंढ्यात २१ जण मरण पावले. त्यांत १८ पर्यटक होते आणि ३ मार्गदर्शक. त्यानंतर त्या देशाने अशा उपक्रमांसाठी परवान्याची सक्ती करणारा कायदा केला आणि तो २०१४ च्या आरंभी लागू झाला. त्या घटनेत दोर तुटला नव्हता, गाठ सुटली नव्हती. पाण्याचे साहित्य म्हणजे आकाश आणि वरचा डोंगर, आणि तिकडे पाहणेही तंत्राचाच भाग आहे. आपल्या डोक्यावर ऊन असताना काही किलोमीटर वर पाऊस कोसळत असू शकतो. हिमनदीच्या वितळीवर पोसलेला ओढा दुपारनंतर फुगतो. वर धरण असेल तर पाण्याचे वेळापत्रक ढग ठरवत नाहीत, धरणाचे दरवाजे ठरवतात. मी माथ्यावर पोहोचल्यावर पाण्याच्या काठाला लागून एक ठळक दगड ठेवतो, जेमतेम कोरडा राहील असा, आणि दर काही मिनिटांनी त्याच्याकडे पाहतो. दगड भिजला की नवा माणूस काठावर जात नाही. नितळ पाणी गढूळ होणे, पाने-काटक्या वाहून येऊ लागणे, आवाजाचा पोत जड होणे या खुणा तर आहेतच. पण पाणी अकस्मात कमी झाले तर मी अधिक घाबरतो, कारण वर कुठेतरी ते तुंबलेले असू शकते.

नवख्याने करावे का? जरूर करावे, पण आधी कोरड्या कड्यावर निदान चार-पाच वेळा, इतके की ब्रेकचा हात कुठे आहे याचा विचार करावा लागू नये. मग धबधब्यावर गेल्यावर मार्गदर्शकाला काही गोष्टी सरळ विचाराव्यात. मी मध्ये अडकलो तर मला खाली कसे आणाल? या प्रश्नाला ‘तसे होत नाही’ असे उत्तर आले तर परत फिरावे. अँकर एकाच बोल्टवर किंवा एकाच झाडावर आहे की स्वतंत्र दोन आधारांवर? पाणी कुठवर चढले की आजचा कार्यक्रम रद्द होतो, आणि ते कोण ठरवते? दोर किती आणि माणसे किती? या शेवटच्या प्रश्नामागे साधा हिशेब आहे. हार्नेस तपासणे, दोरात जोडणे, उतरणे आणि सुटणे यांना माणशी सहा मिनिटे धरली तर चाळीस जणांना एका दोरावर चार तास लागतात. तिसऱ्या तासाला माथ्यावरचा तपासणारा माणूस दमलेला असतो, रांग कुडकुडत असते, खालून घाईच्या हाका येत असतात, आणि हार्नेसचा पट्टा बकलातून परत न फिरवलेला माणूस नेमका तेव्हाच काठावर येतो. काठापाशी वावरणारा प्रत्येक जण, मार्गदर्शकसुद्धा, स्वतः अँकरला जोडलेला आहे का, हे तर न विचारताही दिसते.

स्वतंत्रपणे, आपल्याच गटाने धबधबा उतरावा असे वाटू लागले, तर त्या दिवशी धबधब्यावर जाऊ नये. घराजवळच्या एखाद्या लहान, कोरड्या भिंतीवर मुंटर आणि म्यूल बांधावी, मित्राला दोरावर पूर्ण भार देऊन लटकायला सांगावे आणि गाठ सोडून त्याला खाली आणावे. मग तेच हातमोजे भिजवून करावे, मग डोळे बांधून, मग कोणी कानाशी आरडाओरडा करत असताना. लटकणाऱ्या मित्राने मनात वीस आकडे मोजेपर्यंत तो खाली सरकू लागत नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून.